एकच नग

उद्यमनगरात सोमवारी शटर खाली,
म्हणून मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले.
पर्समध्ये आलेखाच्या कागदावर काढलेलं ड्रॉइंग,
पिशवीत भंगारातून किलोवर घेतलेला लोखंडाचा तुकडा,
सव्वातीन किलो, एका अंगाला गंजलेला.

पहिल्या दुकानात विचारलं, किती नग?
एकच.
तो काही न बोलता मशिनकडं वळला.
दुसरीकडं चहा मिळाला, आणि चहासोबत,
ताई, पाचशेच्या खाली सेटिंग परवडत न्हाई.
तिसऱ्यानं विचारलं, मिस्टर न्हाई आले?

गल्लीच्या टोकाला, फौंड्रीच्या भिंतीला टेकून
दस्तगीर मुल्लाणी.
एक लेथ, एक मिलिंग,
एक रेडिओ, ज्याचं बटण म्हणजे पक्कड.
कागद त्यांनी उजेडाला धरला, मग उलटा करून धरला.
कशाचं हाय?
दुर्बिणीचं. आरसा मी स्वतः घासलाय, दहा महिने.
त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं.
मग जुन्या लेंग्याच्या फडक्यातनं साइन बार काढला
आणि म्हणाले, शनिवारी या.
एका नगाला रेट नसतोय. वेळ असतोय.

शनिवारी ठोकळा तयार.
गंज कुठल्या बाजूला होता ते मलाच सांगता येईना.
कडांची बर अशी काढलेली
की ओढणी अडकू नये.
उतारावर माझा चेहरा लांबट दिसला, जरा घोड्यासारखा.
सातशे रुपये. मी घासाघीस केली नाही.

कोल्हापुरातनं ध्रुव फार खाली दिसतो,
शेजारच्या येडेकरांच्या टाकीच्या झाकणावर ठेवल्यासारखा.
आस त्याच्याकडं लावली, शनी धरला,
आणि शनी हळूच निघून गेला,
न सांगता उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखा.
परत धरला. परत गेला.
मी तिवईला दोष दिला, गच्चीच्या उताराला,
एका रात्री तर त्या दहा महिन्यांनाही.
मुल्लाणींना मात्र नाही दिला, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दूध संघात मी फॅट तपासते.
नवव्या दिवशी सकाळी, कॅनच्या खडखडाटात,
रजिस्टरवर लिहीत होते, म्हैस, सहा पॉइंट चार,
आणि पेन थांबलं.
पॉइंट.
कोल्हापूर म्हणजे सोळा अंश, बेचाळीस कला.
ड्रॉइंगवर मी लिहिलं होतं सोळा पॉइंट बेचाळीस.
साठाची पायरी, मी शंभराची धरली होती.
रोजच्या सवयीनं, सुवाच्य अक्षरात.

मुल्लाणींनी कागद परत उजेडाला धरला.
म्या तुमी लिवलं तेच कापलं.
होय, म्हटलं, केसभरही चूक नाही.
मग ह्यो कुठला अक्षांश झाला म्हणायचा?
मी मोबाइलवर नकाशा खाली सरकवला.
कागल गेलं, आणखी खाली.
निपाणीच्या जवळपास.
ते इतके हसले की मिलिंग बंद करावं लागलं.
सतरा मिनिटांत हद्द ओलांडलीसा की ओ!
आणि मग एकदम गंभीर होऊन,
म्हंजे तुमचा ठोकळा सांगलीला पण न्हाई चालायचा?
नऊ कलांचा फरक. खाली पत्रा घालावा लागेल.
न्हाई चालायचा, हे त्यांना फार आवडलं.

दुसऱ्या नगाचे त्यांनी निम्मे घेतले.
तुकडा त्यांचा, सेटिंग हाताला पाठ.
पहिल्याचे परत द्यायचा विषय त्यांनी काढला नाही,
मीही नाही.

आता शनी थांबतो, चहा गार होईपर्यंत.
निपाणीचा ठोकळा त्यांनी ठेवून घेतला,
खिडकीत बिलांवर असतो.
टेबलफॅनच्या वाऱ्यात बिलांच्या कडा फडफडतात,
तो हलत नाही.
कुणी विचारलं तर सांगतात, ऑर्डरचा हाय,
गिऱ्हाईक अजून यायचं हाय.